आत्याबाई आणि बिनताटाची पंगत

आमच्या आत्याबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली आणि ती झाली नाही, असं नारायणगाव ते मंचर या टापूत आजवर कधी घडलेलं नाही. माझा यावर विश्वास बसला तो हायवेवर. मी नवी नवरी होते. रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून उभी होते, आणि समोरून टोमॅटोने भरलेले ट्रक एकामागून एक धडधडत चालले होते. आत्याबाईंनी डावा हात वर केला, उजव्या हाताने पदर सावरला आणि ट्रककडे ढुंकूनही न बघता चालायला लागल्या. करकचून ब्रेक लागले. एका ड्रायव्हरने शिवी द्यायला तोंड बाहेर काढलं आणि आत्याबाईंना बघून तसंच आत घेतलं. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, "बघायचंच न्हाई त्यांच्याकडं. बघितलं की त्यान्ला वाटतं हिला भीती वाटती." मला भीती वाटत होती, पण ते सांगायची त्याहून जास्त भीती वाटली.

या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासर नारायणगावात, माहेर आमच्या वारूळवाडीत. मध्ये अंतर एवढंच की घरी चहाचं आधण ठेवावं, माहेरी येऊन सगळ्यांची झाडाझडती घ्यावी आणि उकळी फुटायच्या आत परत जावं. अंगाने चिमूटभर, आवाज मात्र मळ्याच्या दुसऱ्या बांधावर पोचणारा. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. टीव्हीतल्या बायकांशी त्या थेट बोलत. हिंदी मालिकेतली सून दागिने घालून स्वयंपाकघरात रडत बसली की या इकडून ओरडत, "रडती काय? दूध उतू चाललंय!" आणि खरंच सांगते, पडद्यावरची ती सून दचकून उठायची.

त्यांचा खरा नाद फळांचा. बाजारात त्या कलिंगड उचलत, कानाशी धरत, डोळे मिटून दोन टिचक्या मारत, आणि तेवढा वेळ शेजारचा कांदेवालासुद्धा ओरडायचा थांबे. "ह्यो अजून कच्चाय," असं म्हणून त्यांनी खाली ठेवलेलं कलिंगड दुसऱ्या कुणी उचलत नसे. फळवाला पक्का. आत्याबाईंनी वाजवून पास केलेली फळं तो वेगळी काढून ठेवी आणि "आक्कांच्या हातची हायेत" म्हणून चढ्या भावाने खपवी. हे कळल्यावर त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "खोटं कुठं बोलतोय त्यो?" आणि पुढच्या बाजाराला जरा जास्तच कलिंगडं वाजवून दिली.

पण आत्याबाईंना एक दुखणं होतं, आणि त्याची सुरुवात माझ्या लग्नापासून झाली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वारूळवाडीला सत्यनारायणाची पूजा होती. भर मे महिना, जेवायला आमरस. पहिल्या पंगतीने रस असा काही ओढला की दुसऱ्या पंगतीत मध्यावरच पातेलं खरवडायची वेळ आली. जिथे रस संपला तिथे नेमके बसले होते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे नवे व्याही. थोरल्यांचं मंचरला कांदा-बटाट्याचं दुकान, माणूस मानी. ते ताटावरून उठले आणि भर मांडवात म्हणाले, "खंडोबाची आण हाय, हितनं पुढं तुझ्या घरात ताटावर बसणार न्हाई आन अन्नाचा कण तोंडात घालणार न्हाई." माझे सासरे तेवढेच मानी. "नका घालू," म्हणाले. झालं. सात वर्षं दोघा भावांत बोलणं नाही. मी नवी सून, माझा पायगुण काय यावर गावात चर्चा झाली असेलच. आत्याबाईंनी मात्र मला कधी बोल लावला नाही. "रस तू पिलीस का? मग गप बस," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांना कशाची धास्ती आहे ते एकदा द्राक्षं निवडताना त्यांनी मला सांगितलं. "एकाच्या मयताला दुसरा यील, पोरी. मयताला यायला शपथ आड येत न्हाई. खांदाबी दील, रडलबी. पण मला त्ये दोघं जित्ते असताना एका अंगणात बघायचेत. मी हाय तवर." हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते, पण चांगलं-वाईट सगळं एकाच टोपलीत पडत होतं.

आणि मग एका दुपारी टीव्हीवर ती पोरगी आली. केस मोकळे सोडलेली, हसरी. काचेच्या टेबलाशी उभी राहून ती बारीक काड्यांमध्ये फळांचे तुकडे ओवत होती आणि हिंदीत सांगत होती, की सकाळी उशिरा पाहुणे येणार असतील तर अगदी सोपं, पाच मिनिटांत तयार! आत्याबाई पहिल्यांदाच टीव्हीसमोर गप्प बसल्या. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाल्या, "ह्याला ताट लागत न्हाई, बघितलंस का?" मला काही कळलं नाही. "आन फळ म्हंजी अन्न न्हवं. एकादशीला चालतं त्ये अन्न कसं आसंल?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी त्या माउलीकडे बघतच राहिले. भल्याभल्यांनी मध्यस्थी करून हात टेकले होते, आणि ही बाई शपथेला धक्का न लावता तिच्या बाजूने वाट काढत होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी जीपमध्ये कोंबून मंचरला गेलो. थोरल्यांच्या दुकानात कांद्याच्या गोणीवर बसून आत्याबाईंनी वकिली सुरू केली.

"थोरल्या, तू शपथ घेतली ती काय? ताटावर बसणार न्हाई."

"न्हाईच बसणार."

"नको बसू. हुबा ऱ्हा. अन्नाचा कण खाणार न्हाई. नको खाऊ. फळ खा."

थोरल्यांनी बराच वेळ विचार केला. "बशीत देणार आसशील."

"बशी न्हाई. काडी."

"आन घरात येणार न्हाई मी."

"अंगणात हुबा ऱ्हा. अंगणाची शपथ घेतली व्हती का?"

थोरल्यांनी तराजूतले कांदे उगाच इकडचे तिकडे केले. शेवटी, "जेवायच्या टायमाला येणार न्हाई," असं एक कलम त्यांनी घातलं. आत्याबाईंनी ते लगेच मान्य केलं. न्याहारी होऊन गेलेली, जेवण व्हायचंय, अशी रविवारी अकराची वेळ ठरली. माझ्या पुण्याच्या बहिणीने फोनवर सांगितलं की याला ब्रंच म्हणतात, तिच्या ऑफिसात करतात. आत्याबाईंना मी ते सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांच्यातबी भांडणं असतील." कार्यक्रमाला निमित्त काय सांगायचं असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं. निमित्त आलं की पंगत आली, पंगत आली की ताट आलं. निमित्त ठेवायचंच नाही.

टीव्हीतल्या पोरीची पाच मिनिटं आमच्याकडे आठवडाभर चालली. काड्यांपासूनच अडलं. दात कोरायच्या काड्या आखूड पडल्या. खराट्याच्या काड्यांना मी हात जोडले. उदबत्तीच्या काड्या धुऊन बघितल्या, तर पपईला देवघराचा वास यायला लागला. मग आत्याबाईंनी मळ्यातला टोमॅटोच्या आधाराचा एक नवा बांबू उपटून आणला, टोपल्या विणणाऱ्याकडून त्याच्या बारीक काड्या चिरून घेतल्या आणि ओसरीवर बसून एकेक काडी काचेच्या तुकड्याने तासली. प्रत्येक काडी आपल्या गालावरून फिरवून बघायच्या. जरा कुठे टोचली की फेकली. नंतर फळांचं शास्त्र. पपई घसरते, केळं काळं पडतं, चिकू पिकला की काडीवर टिकत नाही आणि कच्चा खाववत नाही. डाळिंबाचे दाणे ओवायचा हट्ट त्यांनी एक संध्याकाळ केला आणि मग डाळिंबालाच नालायक ठरवलं. शेवटी रचना ठरली. टोकाला पेरू, बुडाला पेरू, मध्ये द्राक्षं, पपई, चिकू आणि कलिंगड. "पेरू म्हंजी पोलीस," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडनं हुबा केला की मधली कुनी पळत न्हाई." केळ्याला लिंबू चोळून बघितलं, चव घेतली आणि केळं रद्द.

ऐन वेळी नवा पेच. काड्या ठेवायच्या कशात? परात म्हणजे मोठं ताटच की! आत्याबाई परसात गेल्या आणि केळीचा जाड खुंट तोडून घेऊन आल्या. अंगणात शेवग्याखाली तो उभा करून त्यात चहूबाजूंनी काड्या खोचल्या. हिरवी, केशरी, लाल फळं सगळीकडून बाहेर आलेली, खुंट अगदी साळिंदरासारखा दिसत होता. मी माझ्या आयुष्यात हॉटेलं पाहिली, पुण्यातली मोठी लग्नं पाहिली, पण एवढी देखणी गोष्ट खायला ठेवलेली मी पाहिली नाही.

रविवारी सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या, बाजा आणि पाटसुद्धा आतल्या खोलीत कोंडून कुलूप लावलं. थोरला सवयीने कुठे टेकला तर शपथ मोडायची! आजूबाजूच्या चार घरांतल्या माणसांना बोलावलं होतं. "दोघंच आसले की भांडत्यात. चारचौघांत लाजत्यात तरी." सासऱ्यांना त्यांनी सकाळीच दम दिला होता, "धाकल्या, तू काय बोलू नको. नुसता हुबा ऱ्हा." शेजारी जमले, आणि उभ्या उभ्या काय बोलायचं ते न कळून पाहुण्यांसारखे आपापल्याच अंगणाकडे बघत राहिले.

अकराच्या सुमारास थोरले आले. पांढरं धोतर, टोपी, चेहरा कोर्टात आल्यासारखा. शेवग्याच्या एका बाजूला ते उभे राहिले, दुसऱ्या बाजूला माझे सासरे. आत्याबाईंनी खुंटातून एक काडी काढून थोरल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडाजवळ नेली आणि थांबले. टोकाच्या पेरूकडे बघत राहिले. संपलं, म्हटलं, खंडोबा आठवला यांना. आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात माझे सासरे पुढे झाले. थोरल्यांच्या हातातून काडी घेतली, टोकाचा पेरू आपल्या दातांनी ओढून काढला आणि काडी परत त्यांच्या हातात दिली. थोरल्यांनी एकेक करत द्राक्ष खाल्लं, पपई खाल्ली, चिकू आणि कलिंगड खाल्लं. बुडाचा पेरू आला तशी काडी पुन्हा धाकट्या भावापुढे धरली. सासऱ्यांनी तोही खाल्ला. थोरल्या भावाचं उष्टं, लहान मुलं खातात तसं.

मग चावता चावता हळूच विचारलं, "कवळी?"

"व्हय," थोरले म्हणाले. "महिना झाला. लई टोचती राव."

"माझी तर दोनदा मोडली. आता पार सोडूनच दिलीय. पुढचे चार दात हायेत, तेवढ्यावर भागतं."

सात वर्षांनी दोन भाऊ बोलले ते हे. त्यानंतर तासभर ते दातांवर बोलत उभे होते, आणि शेजारच्यांनी खुंट पार बोडका केला. मी पदर तोंडाला लावून रडले, मला लाज वाटली नाही. आत्याबाई आमच्याकडे पाठ करून जमिनीवरच्या रिकाम्या काड्या गोळा करत होत्या. पेरूने दगा दिला याचा राग की दुसरं काही, मला विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून थोरले दर रविवारी अकराला यायला लागले. उन्हाळ्यात टोपीवर ओला रुमाल टाकून, पावसात छत्री धरून, शेवग्याखाली उभ्याने फळं खाऊन जायचे. पेरू वगळून. ताटावर कधी बसले नाहीत. एकदा मी आत्याबाईंना म्हटलं, "आता एवढं गोड झालंय, तर तुम्ही सांगून ती शपथ मोडूनच का टाकत नाही?" त्या माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "खुळी का काय? शपथ मोडली तर त्यो एकदा जेवंल, ढेकर दील आन बसंल मंचरला. अर्धपोटी माणूस परत येतो. ऱ्हाऊ दे तशीच." त्यांच्यापुढे माझी अक्कल नेहमीच कमी पडली.

आत्याबाई एका थंडीत गेल्या, फार दिवस न काढता. दिवसकार्य झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी फळं चिरायला बसले, पण काड्या ओवायला हात वळेना. अकरा वाजता थोरले आले, नेहमीच्या जागी उभे राहिले. सासरे बाहेर गेले. मग थोरल्यांनी चपला काढल्या, आमच्या ओसरीवर येऊन भिंतीला टेकून खाली बसले आणि सासऱ्यांना म्हणाले, "सुनंला भाकरी टाकायला सांग. देवाचं मी बघून घीन."

मी भाकरी थापली. पिठलं केलं. दोघा भावांनी समोरासमोर ताटं घेतली. थोरल्यांनी भाकरी पिठल्यात कुस्करून कुस्करून खाल्ली. जेवून ते निघाले तेव्हा सासरे फाटकापर्यंत गेले आणि जीप दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या होत्या तसं, एकदा जेवून थोरले मंचरलाच बसले तर, ही भीती आम्हा सगळ्यांच्याच मनात होती. पुढचा आठवडा घरात कुणी रविवारचं नावही काढलं नाही.

रविवारी थोरले आले. त्याच्या पुढच्याही रविवारी आले. माझ्या माहितीत आत्याबाईंचा एवढा एकच अंदाज चुकला, आणि तो चुकलेला बघायला त्या हव्या होत्या.