धनीरामची बिडी कोणी छाटेना

पहिली माती हे लिहिणाऱ्यानंच खाल्ली. सन एकोणऐंशीची गोष्ट. कोंढ्याचा धनीराम नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यातून बरा होऊन निघाला, तेव्हा त्याला आणायला थोरला भाऊ गेला आणि सोबत, डॉक्टरचं बोलणं समजतं म्हणून, हा लिहिणारा. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका, आणि जरा सांभाळून घ्या." एवढंच. पण पवनीच्या शाळेत मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसाचं एवढ्यावर कसं भागणार? त्यानं पारावर उभं राहून खुलासा केला, "धनीरामच्या मनाविरुद्ध कोणी एक शब्द बोलायचा नाही. पुन्हा डोकं फिरलं तर जिम्मेदारी कोणाची?"

जिम्मेदारी म्हटल्यावर गाव घाबरलं. आणि त्या दिवसापासून गावानं धनीरामशी भांडणं सोडलं.

धनीराम बिड्या वळायचा. कारखाना म्हणजे एक लांबलचक कौलारू पडवी. मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा आणि संध्याकाळी बिड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, चेकरपुढे मांडायचे. चेकर ताराचंद एकेक बिडी बोटांत दाबून बघायचा. पोकळ, वाकडी, फाटकी निघाली की फेकली टोपलीत. तिला छाट म्हणायचं. छाटीची मजुरी नाही, शिवी मात्र फुकट. "हे बिडी आहे का पिपाणी बे, धन्या?" मग धनीरामनं ताराचंदच्या मिशीवरून काही बोलायचं, बायांनी हसायचं, आणि घरी जायचं. दहा वर्षं हेच चाललं होतं.

मग एका पावसाळ्यात धनीरामची झोप उडाली. पानं आपल्याशी बोलतात म्हणून तो ती सुपात घ्यायला भ्यायला लागला. मांत्रिकानं दोन कोंबड्या खाल्ल्या. कोंबड्या गेल्या, आवाज राहिले. जवळच्या सरकारी दवाखान्यात तापाची गोळी होती, मनाची नव्हती. शेवटी नागपूर.

परत आला त्या संध्याकाळी त्यानं कट्टे मांडले. ताराचंदनं हातही लावला नाही. "मस्त आहेत, धनीरामभाऊ."

भाऊ! जन्मभराचा धन्या एका दवाखान्यानं भाऊ झाला.

घरी मनकर्णाबाई. पूर्वी नवऱ्यानं भाजीला नाव ठेवलं की ही ताट उचलून न्यायची. धनीरामनं एक दिवस मुद्दाम खारट भाजीला म्हटलं, "अळणी झाली."

"हो जी, अळणीच झाली," ती म्हणाली आणि वरून मीठ वाढलं. धनीरामनं ती तशीच खाल्ली. करतो काय?

तो बरा होता, हे त्याचं त्याला कळत होतं. पानं आता गप्प होती. पण माणसंही गप्प झाली होती, आणि कोणत्या गप्पपणाची गोळी नागपूरला मिळते हे कोणाला विचारावं? त्यानं एकदा कट्ट्यात जर्द्याशिवाय नुसत्या पानाच्या बिड्या घातल्या. पास. दुसऱ्या दिवशी सगळा कट्टाच रिकामा. ताराचंदनं घाम पुसला आणि म्हणाला, "वा." धनीराम टोपलीपाशी बराच वेळ उभा राहिला. इतरांच्या छाटी त्यात पडत होत्या. शेवटी आपल्याच कट्ट्याचा दोरा सोडून त्यानं बिड्या एकेक करून तिच्यात टाकल्या. 

महिन्याकाठी गोळ्या आणायला नागपूर. गोळ्या फुकट, पण पहाटेची बस, जायचं-यायचं भाडं आणि दिवसाची मजुरी पाण्यात. हे लिहिणाऱ्याला वाटलं, आपण केलेलं आपणच निस्तरावं. तो म्हणाला, "धनीरामभाऊ, माझा मामा नागपूरलेच आहे. तो घेऊन पाठवीन गोळ्या. तुमचे पैसे वाचतील."

"नको."

"काहून?"

धनीराम हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा. "तिथं खिडकीवर एक कंपाउंडर आहे. मी लाइन सोडून घुसतो ना, तर म्हनतो, 'ए भंडाऱ्याच्या, बापाची लाइन आहे का बे? चल मागं!' मांगचे लोक धक्के देतात. एका म्हातारीनं त मले छत्री मारली." त्यानं खांदा चोळला, जणू काही बक्षीस मिळालं होतं. "ते तुझा मामा पाठवीन का?"

 मग मॅट्रिकवाल्यानं पारावर जाऊन आपलं बोलणं मागं घेऊन पाहिलं. पण गावाला एकदा घातलेली भीती अशी परत घेता येत नाही. "तू अगोदर सांगतलं तेच बरोबर होतं," गाव म्हणालं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस धनीरामनं जवळ बसणाऱ्या शकुनबाईच्या सुपातली पानं न बघता ओढली. पानं मोठी, निवडून ठेवलेली. शकुनबाई कैची चालवत होती, तिच्या तोंडून निघून गेलं, "आंधळा आहेस का रे मुडद्या! तुया बापानं..."

पडवी थिजली. ताराचंदच्या हातातली बिडी हातातच राहिली. शकुनबाईनं तोंडावर पदर दाबला.

धनीरामचे डोळे चमकले. तो सूप बाजूला ठेवून तिच्याकडे वळून बसला. "माया बापानं काय?"

"काही नाही, भाऊ. चुकली मी."

"चुकली नाही. अर्धीच देल्ली तू. बाकीची दे."

शकुनबाईनं ताराचंदकडे पाहिलं, ताराचंदनं कौलांकडे. 

"उद्या देतो, भाऊ," ती खाली बघत म्हणाली.

"बरं. उद्या," धनीराम म्हणाला आणि पानं तिच्या सुपात परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. शकुनबाईनं आपलं सूप उचललं आणि पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. त्याला तीन वर्षं झाली. ती उरलेली अर्धी शिवी तिच्याकडे अजून बाकी आहे.