किशोरची साक्ष आणि आशाबाई

आमच्या चर्चच्या मंडळीला साक्ष फार आवडते. कुणी उभं राहून सांगावं, मी असा होतो, प्रभूने मला असं वाचवलं, की बायकांचे रुमाल निघतात आणि पुरुष माना डोलावतात. जितकं पाप मोठं तितकी साक्ष रंगते. मी पेटी वाजवतो, पुढेच बसलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे मला दिसतात. आशाबाई पगारेंना मात्र साक्ष द्यायला कधी कुणी बोलावलं नाही. त्यांनी सांगण्यासारखं काही केलंच नव्हतं.

नाशिकरोडच्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म आया म्हणून काढला. परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलं, शेवटच्या घटकेला त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. नवरा लवकर गेला. मुलाला, हर्षलला, एकटीने वाढवलं. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागला, तेव्हा बाईंनी सगळ्या चर्चला पेढे वाटले. मग एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना त्याच्या मोटारसायकलला पिकअपने उडवलं. चालवणारा किशोर प्यायलेला होता आणि तो पळून गेला.

पोरगा जागच्या जागी गेला, असं पोलिसांनी सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. त्याला त्रास झाला नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती बाई उभी होती.

किशोरला शिक्षा झाली. तुरुंगात प्रार्थनेला येणाऱ्या लोकांनी त्याला बायबल वाचायला दिलं, दारू सुटली, माणूस बदलला. सुटल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आमच्याच चर्चमध्ये, कारण पास्टरसाहेबांना यात देवाची योजना दिसली. आशाबाई त्या दिवशीही गायल्या. एरवी आमच्या गाणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा, त्या दिवशी जरा खाली होता, पण गायल्या. घरी जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, सुधारला असेल तर बरंच आहे." पोटचं पोर गेलेल्या बाईकडून याहून जास्त काय मागायचं?

पण मागितलं. पुढच्याच महिन्यात किशोरची साक्ष झाली.

"मी गाडीतून उतरलो," तो म्हणाला. "पोरगं जित्तं होतं. माझ्याकडं बघून पाणी पाणी करत होतं. मी लय घाबरलो. तसंच टाकून पळालो. कोर्टात पण बोललो नाय. असल्या पाप्याला येशूनं पदरात घेतलं."

"हालेलुया," मंडळी म्हणाली. लोक ढसाढसा रडले. पास्टरसाहेबांनी त्याला मिठी मारली. आशाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं.

साक्ष गाजली. मनमाडहून बोलावणं आलं, मग मालेगावहून. दर वेळी ती आणखी सफाईदार होत गेली. हर्षलने पाणी मागितलं त्या जागी किशोर थांबायला शिकला. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. खरंच रडायचा. म्हणूनच जास्त संताप यायचा.

शेवटी आशाबाई मला सोबत घेऊन पास्टरसाहेबांकडे गेल्या. "त्याने साक्ष द्यावी," म्हणाल्या, "फक्त पाण्याचं तेवढं सांगू नये. ते माझ्या पोराचं आहे."

पास्टरसाहेबांनी आधी चहा मागवला. वाईट माणूस नव्हे, पण पुस्तकातून बोलण्याची खोड. "बाई, पाप झाकलं तर कृपेचा महिमा दिसणार कसा? तारण आपल्या कर्मांनी मिळत नाही, स्वर्गाचं दार कृपेनेच उघडतं, ते दान आहे. त्याला मिळालं. तुम्हीही आता क्षमा करा. जो क्षमा करत नाही, त्याला क्षमा नाही." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, किशोर बोलेल, तेव्हा पुढे येऊन त्याला जवळ घ्या. मंडळीला केवढा आशीर्वाद होईल."

उत्तम शुक्रवारी चर्च खचाखच भरलं. किशोर बोलला, पाण्यापाशी थांबला, रडला. पास्टरसाहेबांनी हाताने खूण केली आणि आशाबाई पुढे गेल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. किशोर त्यांच्या पायांशी वाकला आणि "आई" म्हणाला.

"गाडीत पाणी होतं का?" आशाबाईंनी विचारलं. माईक त्याच्याच हातात होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय, आई?"

"पाणी. प्यायचं."

"होतं," म्हणाला. "बाटली होती. शिटापाशी."

आशाबाईंनी मान हलवली आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर पडल्या. पास्टरसाहेबांनी मला गीत सुरू करायला सांगितलं. मी पेटी मिटली.

आता मंडळीत बोललं जातं, की बाईंचं मन कठीण झालं, इतकी वर्षं चर्चला येऊन त्यांना कृपा कळलीच नाही. हे बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची आजारपणं त्याच बाईने काढली आहेत. किशोरकडे तरुण संघ सोपवलाय.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. लोकांचं मनावर घेऊ नका, रविवारी गायला या, असं मी म्हणालो.

"मास्तर, किशोरचं तारण झालं असेल का हो?"

नाही म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण लहानपणापासून जे शिकलो ते कसं नाकारू? "झालं असेल," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं. देव दिलेला शब्द फिरवत नाही." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "हर्षल तर तिथं आहेच. आणि माझ्यानं काही क्षमा होत नाही, म्हणजे मला दार बंद. ज्याला पाणी दिलं नाही, त्याच्या शेजारी जाऊन तो बसणार, आणि आई तेवढी बाहेर."