काहीच माहीत नसलेल्या मॅडम

छाती आवळून आली होती, घामाने पदर भिजला होता आणि मी सुनेवर ओरडत होते, "गॅस आहे. दवाखान्यात येणार नाही."

तिने वरच्या मजल्यावरच्या मॅडमना बोलावलं. त्या इथल्याच, चंडीगडच्या. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. कुठल्याही बोलण्याची सुरुवात एकच, "मुझे तो कुछ पता नहीं जी." मला ते सोंग वाटायचं.

त्या स्टूल ओढून बसल्या. "मुझे तो कुछ पता नहीं जी. बहनजी, गॅस में बाँह दुखती है?"

"नहीं."

"आपकी?"

"दुखती है."

"अच्छा. और पसीना आता है गॅस में?"

मी ओल्या पदराकडे पाहिलं. "अगं, गाडी बोलाव," मीच सुनेला म्हणाले.

हार्ट अटॅकच होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, ही ग्रीसमधल्या एका म्हाताऱ्याची रीत. आपण अडाणी व्हायचं, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच तोंडून खरं कळतं. पुस्तकात याला उपरोध म्हणतात. मला उपरोध म्हणजे टोमणा एवढंच ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याला लोकांनी विष पाजलं म्हणे. मी मॅडमना रोज चहा पाजते.

दुसऱ्या कोणी हुकूम सोडला असता, तर मी हलले नसते. मी चौथी शिकलेली, हट्टी बाई. मी वाचले.