वहीतली पावलं

खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाला मी वहीत रोज साठ-पासष्ट पावलं चालवत होते. माणूस माझाच नवरा, वही संस्थेची, अक्षर माझं. हा गाढवपणा मी कोवळ्या वयात केला. एकाहत्तरावं नुकतंच लागलं होतं. आज हे काठी घेऊन सोसायटीच्या खाली फेऱ्या मारतात, म्हणून सांगायची हिंमत होते.

झालं असं की हे बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉर्डातच एका संस्थेच्या बाई येऊन भेटल्या. हॉस्पिटलची आणि त्यांची कामाची वाटणी ठरलेली होती: हाड जोडायचं हॉस्पिटलनं, माणूस चालता करायचा संस्थेनं. आमच्यासारखे दोघंच राहणारे म्हातारे असले की सहा आठवडे, एक दिवसाआड, त्या शिकवून तयार केलेली बाई घरी पाठवायच्या. तिनं व्यायाम घ्यायचा, किती पावलं चालवलं ते वहीत लिहायचं, आणि शेवटी ती वही बघून डॉक्टर पुढचं ठरवणार. मी म्हटलं, वा, किती छान.

मग ती आली. डोंगराळ पेठ तालुक्याकडची, चाळिशीची, भरलेली गॅसची टाकी एका हातानं सरकवेल अशी. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, उठायचं ना? आजी, ती खुर्ची जरा बाजूला घ्या."

हे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. ते बाबा, आणि मी आजी. माझं तिथेच बिनसलं.

आणि हे उठले. सकाळपासून "अहो, जरा उठून बसा तरी" म्हणून मी घसा कोरडा केला होता, तेव्हा "दुखतंय गं" याखेरीज शब्द नव्हता. तिनं कमरेला पट्टा बांधला, "चला, गॅलरीपर्यंत" म्हणाली, की स्वारी वॉकर घेऊन निघाली. तिसऱ्या आठवड्यात तर ती यायच्या दिवशी दाढी व्हायला लागली. एकदा तिनं डब्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी यांना दिली. माझ्या हातची नागली "हे काळं काय वाढलंस" म्हणून जन्मभर बाजूला सारणारा माणूस, त्यानं ती अख्खी खाल्ली. वर मलाच सांगतात, "किती मऊ होते गं हिची." मी स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासली. घासलेलीच.

तिची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? पन्नास वर्षं ज्याला पाण्याचा तांब्या हातात दिला, तो माझ्यासाठी पाऊल उचलेना आणि परकी बाई दिसली की गॅलरी गाठतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चौथ्या आठवड्यात मी संस्थेला फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं, "यांची प्रगती उत्तम आहे. आता व्यायाम मीच घेईन. तुमच्या बाईंना कुणा गरजूकडे पाठवा." गरजू! शब्द तरी कसा निवडला बघा.

"नक्की ना काकू?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "वही मात्र रोज भरा हं."

वही भरण्यात मी कसूर केली नाही. पहिल्या दिवशी पट्टा बांधून यांना उभं केलं, तर ओल्या गोधडीसारखे माझ्या खांद्यावर आले. दोन पावलं, आणि "राहू दे आता." दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवसापासून तेही नाही. पण तिचा शेवटचा आकडा पन्नास होता. तिच्यापेक्षा कमी कसं लिहायचं? मी साठ लिहिले. मग पासष्ट. रविवारचीसुद्धा सुट्टी दिली नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली आणि खूश झाले. "काका, पासष्ट पावलं? मग त्या दारापर्यंत जाऊन दाखवा."

हे खुर्चीचे हात धरून उठायला गेले आणि बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. पाय थरथरत होते. डॉक्टरांनी मांड्या दाबून पाहिल्या. "स्नायू आणखी उतरलेत. असंच बसून राहिलं तर कायमचं अंथरूण धरावं लागेल."

यांना ठाऊक होतं अक्षर कुणाचं आहे ते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"वही मी लिहिली," मी म्हटलं. "हे चाललेलेच नाहीत."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिथूनच संस्थेला फोन केला, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा दारात. उभ्या उभ्या तिनं वही वाचली. "रविवारी पण चालवलं? लय कडक हाय आजी." मग यांना पट्टा बांधून तो माझ्या हातात दिला. हे पुन्हा माझ्या अंगावर रेलले. तिनं धरलं, तर ताठ. मला राहवलं नाही. म्हटलं, "बघ, तुझ्यासाठीच उभे राहतात. माझ्यासाठी नाही."

ती पट्टा आवळता आवळता म्हणाली, "आजी, मी धरते तेव्हा बाबांना पडायची भीती वाटते, म्हणून ताठ राहतात. तुम्ही धरलं की सगळं अंग तुमच्यावर सोडून देतात. मग जळायचं कुणी, तुम्ही का मी?"