नऊ घरांचा मसाला

"मॅडम, तुम्ही आमची वही जगाला दाखवलीत?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी परळच्या ऑफिसात नुकता लॅपटॉप उघडला होता. फोनवर तोडणकर काका होते, लालबागमधले माझे क्लायंट. एरवी हा माणूस फोनवर ओरडूनच बोलतो, कारण मागे मसाल्याच्या डंकाचा धडधडाट चालू असतो. त्या दिवशी ते हळू बोलत होते आणि मागे काहीच आवाज नव्हता. एप्रिल महिना, ऐन सीझन, आणि डंक बंद!

"कुठली वही, काका?"

"आमच्याकडे एकच वही आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी डिजिटल मार्केटिंग करते. म्हणजे छोट्या दुकानांची जाहिरात मोबाइलवर लोकांना दिसेल अशी व्यवस्था करते. मोठ्या कंपन्या आमच्या एजन्सीकडे येत नाहीत. येतात ते बुडायला लागलेले. तोडणकरांची सून सुप्रिया तशीच आली होती. होळीच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता. टॅक्सी आत येईना. मसाल्याचा धंदा होळीपासून पावसाच्या आधीपर्यंतचा. बायका मिरच्या वाळवतात, देठं काढतात, खडा मसाला भाजतात आणि सगळं डंकावर आणतात. डंक म्हणजे लोखंडी उखळ आणि त्यात मशीनवर आळीपाळीने आपटणारी लोखंडी मुसळं. कुटून होईपर्यंत बाई तिथेच उभी राहते, आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून. आता पाच-सात किलोचं ओझं घेऊन खड्ड्यावरच्या फळीवरून कोण येणार?

"हा सीझन गेला तर बाबा गाळा भाड्याने देणार," सुप्रिया म्हणाली. "मोबाइल कव्हरवाला विचारून गेलाय."

मी दुकान बघायला गेले आणि मला ती वही दिसली. लाल कापडी बांधणीची, जाडजूड, कडा मसाल्याने तांबूस झालेल्या. काकांच्या वडिलांपासून चालत आलेली. प्रत्येक घराचं मसाल्याचं प्रमाण तिच्यात लिहिलेलं, म्हणजे बाईने "मागच्या वर्षीचंच" म्हटलं की काम झालं. नावापुढे पत्ता म्हणून फक्त खोली नंबर. त्यातल्या कितीतरी चाळी आता जागेवर नाहीत. माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, पण वहीत ती अजून खोली नंबर बारा आणि चौतीसमध्येच राहतात.

माझं डोकं चाललं. बायका डंकापर्यंत येऊ शकत नसतील तर डंक त्यांच्यापर्यंत नेऊ. ऑर्डर फोनवर, प्रमाण वहीतलं, मिरची काका आणणार, भाजणार, कुटणार. कुटताना व्हिडिओ कॉल, म्हणजे बाई उभी राहिल्यासारखीच. मसाला कुरियरने घरी. मी वहीच्या एका पानाचा सुंदर फोटो काढला, तिरप्या उन्हात. वर ओळ टाकली: "तुमच्या घरचं प्रमाण आमच्याकडे अजून जपून ठेवलंय." मग पोस्ट बूस्ट केली. बूस्ट करणं म्हणजे थोडे पैसे भरून पोस्ट ठरावीक भागातल्या लोकांना मुद्दाम दाखवणं. दोन दिवस सुप्रियाचा फोन खाली ठेवता येत नव्हता. मी स्वतःवर फार खूश होते.

तिसऱ्या दिवशी काकांचा हा फोन.

मी पोस्ट उघडली. लॅपटॉपवर फोटो तळहाताएवढा दिसत होता. जुनं, तांबूस, किरटं अक्षर. वाचता येत नाही म्हणूनच तर मी निश्चिंत होते. मग तोच फोटो मोबाइलवर उघडून दोन बोटांनी मोठा केला. प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होतं. "मोरे, खोली ३४. बेडगी तीन, संकेश्वरी दीड, लवंगी पाव, धणे एक..." पुढे दगडफूल, नागकेशर, जायफळ. एका पानावर नऊ घरं, आडनावांसकट. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून लाल गोल मारले होते आणि वर लिहिलं होतं, "लालबागच्या नऊ घरांचं सिक्रेट!" तो फोटो माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. एका मुलीने तर "खोली चौतीस मसाला" नावाचा व्हिडिओही करून टाकला होता.

त्याच महिन्यात मी एका क्लिनिकच्या डॉक्टरांना डेटा प्रायव्हसीवर तासभर लेक्चर दिलं होतं. पेशंटचं नाव चुकूनही दिसता कामा नये वगैरे.

तेवढ्यात मंदार, आमचा बॉस, हसत आत आला. "केतकी, रीच बघितलास? आपल्या एजन्सीला एवढा रीच कधी आला नव्हता!" रीच म्हणजे पोस्ट किती लोकांना दिसली तो आकडा.

"मी डिलीट करतेय."

"वेडी आहेस का? लोक भांडतायत, कमेंट पडतायत. संध्याकाळपर्यंत तरी ठेव."

"लोकांच्या घरातली गोष्ट आहे ती, मंदार."

"मसाला आहे गं! आधार नंबर नाहीये."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. मग काकांचा तो हळू आवाज आठवला आणि मी पोस्ट काढून टाकली. स्क्रीनशॉट मात्र कोणाच्या बापाला काढता येत नाहीत.

लालबागला पोहोचले तर दुकानात कुटायच्या मिरच्यांची पोती तशीच उभी होती. डोंबिवलीहून एक सावंतबाई आल्या होत्या. साठीच्या असतील. खड्डा ओलांडून, घामाघूम होऊन, फक्त भांडायला आल्या होत्या.

"वीस वर्षं माझी जाऊ विचारत होती, वहिनी, तुमच्या मसाल्यात काय असतं? वीस वर्षं मी सांगितलं नाही. काल तिचा फोन. म्हणते, त्रिफळ घालता होय! हसत होती ती, तोडणकर. हसत होती!"

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "काकांना माहीतही नव्हतं."

"तू कोण गो?"

मी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी बोलायच्या लायकीची नाही असं ठरवून पुन्हा काकांकडे वळल्या. "माझं पान फाडून द्या."

"त्या पानावर आणखी आठ घरं आहेत, सावंतबाई."

"मग माझं खोडा."

काकांनी काळं पेन घेतलं आणि त्यांच्यासमोर एकेक ओळ खोडली. सावकाश, पट्टी लावून. ते बघताना मला रडू आलं. सुप्रिया फोन कानाला लावून कोपऱ्यात उभी होती. पलीकडची बाई एवढ्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. "आमचीही नोंद खोडा. आणि ऑर्डर कॅन्सल."

सावंतबाई गेल्यावर काका म्हणाले, "एकदा एका घरात वाटण्या झाल्या. वेगळी झालेली सून आली, सासूचं प्रमाण द्या म्हणाली. माझ्या बापाने सांगितलं, सासूला विचार. रडली बिचारी, पण दिलं नाही. ह्या घरचं त्या घरी कधी गेलं नाही आमच्याकडून. आता कोणाक तोंड दाखवू मी?"

अशा वेळी आमच्या धंद्यात माफीची पोस्ट टाकतात, पांढऱ्या अक्षरांत काळ्या पार्श्वभूमीवर. मला तिची शिसारी आली. सुप्रियाने फोनाफोनी करून नऊ घरांचे आताचे पत्ते मिळवले आणि मी स्वतः जायचं ठरवलं. मंदारने सुट्टी मांडली. मांडू दे म्हटलं.

सावंतबाईंनी डोंबिवलीला दार अर्धंच उघडलं आणि "ऐकलं" म्हणून लावून घेतलं. बाकीच्या सात घरी मी चार दिवस फिरले. चिंचपोकळीच्या एका बाईने पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंतच थांबून मग झापलं. शेवटचं घर उरलं ते मोरे, खोली ३४. सगळ्यात जास्त बोभाटा त्यांच्याच मसाल्याचा झाला होता, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं.

त्यांची चाळ पडून तिथे टॉवर झाला होता. करी रोडला, चौदाव्या मजल्यावर मोरे काकू राहत होत्या. पंचाहत्तरीच्या, बारीक, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. मी दारातच सगळं बोलून टाकलं. माझी चूक, काकांचा दोष नाही, हवं ते बोला.

"आत ये आधी. चप्पल तिकडे काढ," त्या म्हणाल्या. आत टीव्हीवर मोबाइल जोडून "खोली चौतीस मसाला" चालू होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"सुनेने लावून दिलाय. तीनदा बघितला," काकू म्हणाल्या. "पोरगी मेहनती आहे. पण मसाला काय तो नाही झाला."

"प्रमाण तर तुमचंच आहे ना, काकू?"

"ते डंकावरचं प्रमाण."

"म्हणजे?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, भाताला पाणी लागतं का. "अगो, डंकावर दहा बायका रांगेत उभ्या असतात कान टवकारून. तिथे सगळं खरं कोण सांगतं? एक जिन्नस घरी ठेवायचा. मसाला घरी आणला की मग तो भाजून, कुटून मिसळायचा."

"म्हणजे वहीतलं खोटं आहे?"

"खोटं कशाला? अर्धं आहे."

"सगळ्याच बायका असं करतात?"

"न करायला काय झालं? सावंतीण तर दोन जिन्नस ठेवते."

एवढं वादळ, एवढी खोडाखोड, माझी झोप उडालेली, आणि जे गुपित फुटलं म्हणून हे सगळं झालं ते त्या वहीत कधी नव्हतंच! मी जवळजवळ ओरडलेच, "मग चिडल्या कशाला सगळ्या?"

"चिडायला नको? तुझ्या नवऱ्याचा पगार शेजारणीला अंदाजाने ठाऊक असतो. म्हणून तिने तो तुझ्या दारावर लिहून ठेवायचा?"

एवढं बोलून काकूंनी फोन लावला. "तोडणकर, मी मोरे बोलतेय. रविवारी माझी मिरची घेऊन येते. डंक चालू ठेवा."

रविवारी त्या खरंच आल्या. पिशवी मुलाच्या हातात, फळी ओलांडताना दुसऱ्या हाताला धरलेल्या काकू. डंकासमोर उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मागच्या वर्षीचंच!" काकांनी वही उघडली. मुसळं आपटायला लागली. ज्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त मिरवलं गेलं त्याच बाई वहीवर विश्वास टाकून उभ्या आहेत, ही बातमी बिनबूस्टची डोंबिवलीपर्यंत गेली. त्यात माझा हात काडीचा नव्हता.

मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? बायका वहीत सगळं सांगत नाहीत ते?"

"चाळीस वर्षं नाकाने काम करतोय, मॅडम. मोरे काकूंच्या घरी जेवलोय. इथून जो मसाला जातो आणि त्यांच्या ताटात जो येतो त्यात फरक कळत नसेल मला?"

"कुठला जिन्नस?"

काका नुसते हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले.

"मग तुम्ही एवढे का खचलात? खरं गुपित तर बाहेर गेलंच नव्हतं."

"त्यांनी विश्वासाने जेवढं सांगितलं, तेवढं तर गेलं ना," ते म्हणाले.

नवी पोस्ट मी काकांना मोठी करून दाखवली, काना-मात्रेसकट वाचून घेतली आणि मगच टाकली. फोटो होता मिटलेल्या वहीचा, वर जाड रबर लावलेलं. तिच्या वेड्यावाकड्या कडा तेवढ्या दिसत होत्या. खाली लिहिलं, "चूक झाली. वही आता बंद आहे." रीच आधीच्या पोस्टच्या पासंगालाही पुरला नाही. मंदारने तोंड वाकडं केलं. पण जे फोन आले ते ऑर्डरचे आले. व्हिडिओ कॉल चालू झाले. सुप्रिया उखळासमोर मोबाइल धरून उभी राहायची आणि बदलापूरची बाई तिकडून ओरडायची, "दीदी, चाळणी दाखवा, चाळणी!" दहाव्या दिवशी सावंतबाईंचा फोन आला. "लिहून घ्या परत," एवढंच म्हणाल्या. दरवर्षीइतकं काम झालं नाही, पण मे संपेपर्यंत डंक थांबला नाही आणि मोबाइल कव्हरवाल्याने दुसरा गाळा बघितला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. माझ्या धंद्यात उलटं शिकवतात. सगळं उघड करा, पडद्यामागचं दाखवा, लोकांना आवडतं. आवडतं हे खरंच आहे. पण आता मी कुठल्याही क्लायंटचा फोटो टाकण्याआधी तो दोन बोटांनी मोठा करून बघते, आणि त्यात कोणाची तरी वही उघडी नाही ना हे तपासते.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे मसाला आई करायची. मी आपली पाकीट फोडणारी. त्या वर्षी आईचे हात दुखत होते म्हणून तिने दादरहून फोनवर मला प्रमाण सांगितलं आणि मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मिरच्या घेऊन मी तोडणकरांच्या दुकानात गेले. काकांनी कोरं पान काढलं, माझं नाव लिहिलं. मी वाचत गेले, ते लिहीत गेले. बेडगी, काश्मिरी, धणे, बडीशेप, खसखस, दालचिनी.

"अजून?" काकांनी विचारलं.

चिठ्ठीवर आणखी एक ओळ होती. माझ्या मागे चार बायका उभ्या होत्या. त्या आपसात बोलत होत्या, पण आता बोलायच्या थांबल्या होत्या.

मी चिठ्ठीची घडी घातली. "एवढंच."

काकांनी मान वर केली नाही. "एवढंच," असं पुटपुटत त्यांनी ते लिहिलं आणि वही मिटली.