आप्पांच्या मरणाची साखर

आमचे आप्पा वारले, तेव्हा ते परसात उभे राहून कावळ्याला हाका मारत होते.

(आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची तब्येत उत्तम आहे. हे लिहितोय तेव्हाही ते ओटीवर बसून मी काय लिहितोय याची चौकशी करताहेत. मी ‘ऑफिसचं काम’ असं सांगितलं आहे.)

आमच्या घराण्यात टक्कल आणि हट्ट दोन्ही पंचविशीत येतात आणि मग जात नाहीत. आप्पांची दाभोळला हापूसची बाग आहे. त्या बागेत उन्हाच्या वेळी आप्पा झाडाखालून फिरायला लागले, की लांबून कोणीतरी आरसा घेऊन चालल्यासारखं दिसतं. आप्पांना त्याचा अभिमान! “डोक्यावर केस असलेला माणूस आपल्या घराण्यात झाला नाही,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी मात्र रत्नागिरीत एका कचेरीत नोकरीला लागल्यापासून डाव्या कानावरचे केस वाढवून ते उजव्या कानापर्यंत पोचवायचा उद्योग करत होतो. वारा नसेल तर जमायचं.

मे महिन्यात सावर्ड्याला प्रज्ञाला बघायला गेलो, ते हेच केस घेऊन. हे स्थळ आणलं होतं आमच्या बिल्डिंगमधल्या नाटेकरकाकूंनी. काकूंचं माहेर सावर्ड्याचं. प्रज्ञा तिथल्याच शाळेत शिकवते. पोहे आले, सगळे बसले आणि प्रज्ञाच्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांनी, माझ्यासमोर टेबलफॅन आणून ठेवला!

“राहू दे, राहू दे,” मी किंचाळलो. “बंद करा. मला गारठा सोसत नाही.”

सावर्डे. मे महिना. दुपारचा एक.

मास्तरांनी पंखा बंद केला. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला, पोह्यांत दोन थेंब पडले, तरी मी बशी संपवली. आणि काय नवल, मुलीने होकार दिला! साखरपुडा दिवाळीनंतर आणि लग्न वैशाखात, असं ठरलं. मी खूश. पण रात्रंदिवस डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. मांडव, अंतरपाट, मंगलाष्टका, आणि मांडवातला तो उंच स्टँडचा पंखा. अंतरपाट खाली, माझे केस वर आणि फोटोग्राफर म्हणतोय, “जरा इकडे बघा!” हे सगळं प्रज्ञाला त्या क्षणी पहिल्यांदा कळणार आणि ती हार घेऊन तशीच मागे फिरणार, अशी माझी खात्री होती. ही मुलगी हातची जायला नको होती. मला ती फारच आवडली होती.

म्हणून मी कोल्हापूर गाठलं.

“काय बी टेन्शन घेऊ नगा,” तिथले डॉक्टर म्हणाले. “मागचं क्येस काढायचं, पुढं लावायचं. वैशाखात बघा कसं रान उठतंय!”

फक्त आधी सगळं डोकं भादरावं लागेल, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. खरी अडचण इथेच होती. कारण लहानपणी माझ्या डोक्यात उवा झाल्या आणि न्हाव्याने मशीन हातात घेतलं, तेव्हा आईने ते हिसकावून घेतलं होतं. “बाप जिवंत असताना मुलाने डोकं भादरायचं नसतं!” मुलाचं डोकं गुळगुळीत दिसलं म्हणजे घरात काय घडलं, हे आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. तेव्हा घरी कळवायचा प्रश्नच नव्हता.

मी बेत आखला. गणपती पोचवले, की पितृपंधरवडा. या दिवसांत कोणी कोणाकडे शुभकार्याचं बोलायला जात नाही, सावर्ड्याची मंडळीही फिरकणार नाहीत. कचेरीत ‘घरगुती कारण’ लिहून रजा टाकली, कोल्हापूरला जाऊन डोक्यात एकेक मूळ टोचून घेतलं आणि गुपचूप रत्नागिरीला परतलो. डॉक्टरांच्या सूचना सोप्या होत्या. डोक्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, पाठीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं आणि फवाऱ्याने डोक्यावर पाणी मारत राहायचं. सूज येईल, असंही ते म्हणाले होते. ती डोक्यावर येईल असं मला वाटलं. ती आली डोळ्यांवर! आरशात बघितलं तर दोन्ही डोळे लाल आणि टरटरून सुजलेले.

नेमकी त्याच वेळी बेल वाजली. मला वाटलं, दूधवाला. दार उघडलं तर नाटेकरकाकू अळूवडी घेऊन उभ्या.

काकूंनी माझ्या डोक्याकडे बघितलं. डोळ्यांकडे बघितलं. त्यांचा हात आपोआप माझ्या खांद्याकडे आला.

“हात लावू नका!” मी मागे सरकत ओरडलो. “लांबूनच बोला!”

काकूंनी हात मागे घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. ज्या बाईने आजवर मला एक वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं, ती गप्प! मग उठल्या आणि ‘येते’ न म्हणताच निघून गेल्या. अळूवडीसुद्धा परत घेऊन गेल्या.

किती समजूतदार बाई, मला वाटलं. माणसाला टकलाचं दुःख असतं, हे ओळखलं.

थोड्या वेळाने काकू परत आल्या. या वेळी हातात चहापावडरीचा पुडा आणि साखर. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे, मग समोरच्या विंगमधले. जो येईल तो चहा-साखर ठेवणार, जमिनीकडे बघत बसणार आणि न बोलता उठून जाणार. रत्नागिरी एवढी सुसंस्कृत कधी झाली, या विचाराने मला भरून आलं. डोळ्यांतून पाणी आलं ते सुजेमुळे, पण त्याचाही योग्य तो परिणाम झाला. कचेरीतला शिपाई येऊन “साहेब, धीर धरा” म्हणाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “धीर धरायलाच लागतो रे. वैशाखापर्यंत!” तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत गेला.

माणसाच्या डोक्यावरचे केस काढले, की त्यांच्यासोबत आणखी काय काय जातं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. नाहीतर कोकणात जन्म काढलेल्या माणसाला चहा आणि साखर बघून कळू नये? आमच्याकडे समाचाराला जाताना हेच तर नेतात!

चौथ्या दिवशी सकाळी काकूच बोलल्या.

“तू इथे काय करतोयस रे बाबा? तिकडे आई एकटी. पुढचे दिवस तरी गावाला करशील की नाही? आणि मिशी कशी ठेवलीस? हल्ली चालतं म्हणा.”

“कसले दिवस?”

“असं करू नये. रडून घ्यावं मोकळेपणी. मी सावर्ड्याला कळवलंय हो. मास्तर, त्यांची बायको, प्रज्ञा, सगळी आत्ताच निघाली दाभोळला. समाचाराला. आप्पांसारखा माणूस पुन्हा होणे नाही!”

माझ्या हातातला फवारा खाली पडला.

“काकू! आप्पा जिवंत आहेत!”

“असतातच रे,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “आठवणीत माणूस जिवंतच असतो.”

मी घरी फोन लावला. कोणी उचलेना. मग आठवलं, आज आजोबांचं श्राद्ध! आप्पा सोवळ्यात, आई स्वयंपाकात, मोबाईल कपाटात. आणि समाचाराला आधी कळवून जायचं नसतं, त्यामुळे सावर्डेकरही फोन करणार नव्हते. प्रज्ञाला फोन करावा? काय सांगणार? ‘तुमचे होणारे सासरे ठणठणीत आहेत’ असं सांगितलं, की ती विचारणार, ‘मग डोकं कशाला भादरलंत?’ मी चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला आणि शेवटी गाडी करून दाभोळला सुटलो.

धोपाव्याला फेरीबोटीत चढलो. खाडीवर हा वारा! डॉक्टरांनी दिलेली ढगळ टोपी उडून सरळ वाशिष्ठीत गेली. शेजारी टोपली घेऊन हलिमाबी उभी होती. आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घालणारी. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि अख्ख्या बोटीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.

“या अल्ला! आप्पा गेले गो! अरे, परवा तर माझ्याशी सुरमईच्या तुकड्यावरून भांडत होते!”

“हलिमाबी, ओरडू नको. आप्पा बरे आहेत.”

“मग डोका काय हौसेने भादरलास?”

“केस लावून घेतले गं मी!”

हलिमाबीने माझ्या डोक्याकडे नीट बघितलं. बोटीतले बाकीचेही पुढे येऊन बघू लागले.

“कुठे हायत?” तिने विचारलं.

मी कपाळाच्या वर बोट दाखवलं. “बाप गेल्यावर असा होतो पोराचा,” ती बाकीच्यांना म्हणाली. “भ्रमिष्टासारखा बोलतो.” बोट धक्क्याला लागली तेव्हा दाभोळची निम्मी माणसं टोपल्या, पिशव्या सांभाळत माझ्या मागून आमच्या घराची चढण चढायला लागली. पुढे हलिमाबी, मागे मी, त्यामागे हळहळणारा गाव!

अंगणात पोचलो तर सावर्ड्याची मंडळी नुकतीच आलेली. मास्तरांच्या हातात साखरेची पिशवी, त्यांच्या बायकोच्या हातात चहापावडर, मागे पांढऱ्या साडीत प्रज्ञा. तिघंही दारात थिजून उभी होती. कारण घराच्या मागून खणखणीत आवाज येत होता.

“का! का! का! अरे ये की मेल्या, किती वाट बघायला लावशील!”

आणि परसातून, सोवळं नेसलेले, उघडेबंब, डोकं उन्हात तळपत असलेले आप्पा पुढे आले.

“अरे वा! मास्तर! या, या! अगो, ऐकलंस का, व्याही आले! आणि साखर घेऊन आले! पाहुणे असावेत तर असे. मला घरात कोणी साखरेला हात लावू देत नाही.” मग त्यांचं लक्ष मागच्या गर्दीकडे गेलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “काय झालं? कोण गेलं?”

शेवटी हलिमाबीनेच धीर केला.

“तुम्ही.”

त्याच वेळी आई हात पुसत बाहेर आली. तिने मला बघितलं.

“मेल्या! बाप जिवंत असताना डोकं भादरलंस? जळ्ळं मेलं तुझं लक्षण!” आणि ती हातातला झारा घेऊन धावली.

“डोक्याला नको!” मी अंगणभर पळत ओरडलो. “डोक्याला हात नको! केस लावलेत! कोल्हापूरला! टक्कल होतं म्हणून!”

झालं. ज्या मुलीपासून लपवायचं होतं, तिच्यासमोर, सगळ्या गावाच्या साक्षीने, मीच सांगून मोकळा झालो. प्रज्ञाकडे बघायची हिंमत होईना. आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आप्पांनी मला तुळशीपाशी बसवलं आणि चष्मा लावून माझं डोकं तपासलं. “मागचं काढून पुढे लावलं? म्हणजे कलम बांधलंस की रे! लावणी जरा दाट झाली आहे. पाणी कितीदा?”

“दर तासाला फवारा.”

“शेणखत नाही ना सांगितलं?”

पण मास्तर हसत नव्हते. “टक्कल असणं वेगळं,” ते म्हणाले, “आणि लपवणं वेगळं. आज केस लपवले, उद्या आणखी काय? मला विचार करावा लागेल.”

परसाच्या भिंतीवर आजोबांचं पान तसंच होतं आणि माडावर बसलेला कावळा खाली यायला तयार नव्हता. आप्पांनी तिकडे बघून हात जोडले. “बाबा, एवढी तुमच्या आवडीची खीर केली आहे, तरी अडलंय कुठे? बागेची काळजी आहे का? मी आहे.” कावळा हलला नाही. “माझी काळजी? मी मेलोबिलो नाही, ही अफवा आहे.” कावळ्याने मान वळवली.

“बाबा,” प्रज्ञा मास्तरांना म्हणाली, “यांनी मे महिन्यात पंखा बंद करायला लावला, तेव्हाच मला कळलं होतं.”

मी वर बघितलं.

“खिडकीतून अख्खी आळी बघत होती. घामाने केस सगळे एका बाजूला घसरले होते. ते सावरायचं सोडून हे पोहे खात बसले होते. म्हटलं, एवढ्या उकाड्यात पोहे टाकत नाही, तो माणूस संसारही टाकायचा नाही. मी टक्कल बघूनच होकार दिलाय. आता केस आले तरी माझा होकार तोच आहे.”

मास्तरांनी साखरेची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “बरं,” ते म्हणाले. “ठरल्याप्रमाणे वैशाखात.”

आणि कावळा झपकन खाली येऊन पानाला शिवला!

सगळा गाव “आऽऽ” करून ओरडला. हलिमाबीने डोळे पुसले. मीही पुसले, आणि या वेळी ती सूज नव्हती.

गावातून पुढे दोन दिवस चहा-साखर येतच राहिली, कारण बातमी पोचते तेवढ्या वेगाने तिचा खुलासा पोचत नाही. दिवाळीनंतर साखरपुड्याला आप्पांनी हट्टाने तीच साखर वापरली. आई अशुभ अशुभ म्हणत राहिली, पण आप्पा म्हणाले, “माझ्या मरणाची आहे. मी ठरवणार.” साखरपुड्यात मी पुन्हा तुळतुळीत होतो, कारण लावलेले केस आधी गळतात आणि मग उगवतात, हे डॉक्टरांनी जाता जाता सांगितलेल्या गोष्टींपैकीच एक होतं.

पण वैशाखापर्यंत खरंच रान उठलं. पुढे दाट, काळंभोर, कंगवा अडकेल असं! लग्नाच्या सकाळी मी आरशासमोर उभा राहून भांग पाडला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मांडवात तो उंच स्टँडचा पंखा लावलेला होता, तो मीच माझ्याकडे वळवून घेतला. म्हटलं, येऊ दे आता वारा!

तेवढ्यात मास्तर आले आणि त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत घट्ट फेटा बांधला.

अख्ख्या अल्बममध्ये माझा एक केस दिसत नाही.