रोवणीनंतरची बोटं

बालाघाटला मी भाड्याने राहतो त्या खोलीला एक खिडकी आहे, पण गेल्या तीन वर्षांत ती मी उघडलेली नाही. उघडली की ऑटोचे हॉर्न माइकमध्ये शिरतात आणि तिकडे इंदूरला बसलेला आमचा कोच ओरडतो. दाराला आतून गोधडी ठोकली आहे. दुपारी एकला हेडफोन चढवायचा, सातला उतरवायचा, मग जेवून दिवसभराच्या चुका पाहायला पुन्हा बसायचं. मोबाइलवर गोळ्या झाडायचा खेळ, चार गावच्या चौघांचा संघ, महिन्याला पगार, आणि हंगाम संपेपर्यंत संघ सोडता येणार नाही असा करार. घरमालक विचारतो, "भैया, करते क्या हो?" मी सांगतो, कंप्यूटर का काम. खरं सांगून कोणाचं प्रवचन ऐकून घ्यायची मला हौस नाही.

आमच्या धंद्यात सगळी मदार बोटांवर. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. पळायचं, नेम धरायचा, गोळी मारायची, सगळं एकाच वेळी. ही चार बोटं मी तळहातावरच्या फोडासारखी जपली. कांदा चिरणं बंद, क्रिकेट बंद, आणि गावी रोवणीला, भाताचे पऱ्हे म्हणजे रोपं चिखलात लावायला, जाणं तर तीन वर्षं बंद. गावातली पोरं हसायची. हसोत बापडी.

गाव खैरलांजीकडे. बाबा गेल्यावर काकांशी भांडून आईने आमच्या वाट्याचे दोन एकर राखले आणि त्यात ती एकटी धान करते. आमच्याकडे रोवणी आपसात चालते. सात-आठ घरची माणसं आज एकाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरचं माणूस येत नाही, त्याच्या बांधीत कोणी उतरत नाही. आई आपलं भरून वर माझ्या वाटणीचे दिवसही भरायची. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

यंदा जुलैत तिचा फोन आला.

"बाबू, चार दिवसांपासून मले ताप आहे, उठणंच होत नाही. उद्या शेजारच्याईच्या बांधीत आपल्या घरचं माणूस पाहिजे, नाईतं परवा आपल्याकडे कोणी येत नाही. पऱ्हे पिवळे पडून राह्यले रे. एक दिवस येतं का?"

दुसऱ्या दिवशी आम्हाला सुटी होती आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी. कोचला न सांगता मी सकाळच्या पहिल्या बसने गेलो.

मी बांधीत उतरलो आणि बायांना चेव आला. "पाहा वं, मोबाइलवाले सायेब आले! बोटं मोजून ठेव रे बाप्पा, एखादं राहून जाईन चिखलात!" रबरी हातमोजे माझ्या पिशवीत होते. पण हातमोजे घालून पऱ्हे लावणारा माणूस म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक. मी पिशवी बांधावरच ठेवली. आणि खोटं कशाला बोलू, तो दिवस मला आवडला. कोणी कानात ओरडत नव्हतं. कंबर मोडली, पण संध्याकाळपर्यंत मी त्या बायांच्या बरोबरीने मागे सरकत होतो.

घरी आलो तेव्हा बोटं पांढरीफटक, मऊ पडलेली. दोन्ही तर्जन्यांची कातडी सोललेली, नखांत चिखल. तापात उठून आईने तेल कोमट केलं. "काहून रे, इतकी नाजूक झाली बोटं?" म्हणाली आणि बराच वेळ माझे हात सोडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने खोलीवर परतलो, पण मोबाइलची काच माझी बोटं ओळखेना. उजवी तर्जनी दाबली की कधी गोळी सुटायची, कधी नाही. तिसऱ्या सामन्यात समोरचा दहा पावलांवर असताना सुटली नाही आणि आमचे दोघे माझ्यामुळे मेले.

"क्या हुआ तुझे?" कोचने विचारलं.

"कुछ नहीं, नेट अटक रहा है," मी ठोकून दिलं.

आमच्या हातांवर एक कॅमेरा रोखलेला असतो. कोणी चोरी करू नये म्हणून सामनाभर हात दिसावे लागतात. तीन वर्षं तो डोक्यावर होता, इतका अंगवळणी पडला होता की खोटं बोलताना मी तोच विसरलो. संध्याकाळी कोचने चित्रण थांबवून माझी सोललेली बोटं चौघांना दाखवली. "उंगली का दुख नहीं है," तो म्हणाला, "झूठ का है." दुसऱ्या दिवशी माझ्या जागी राखीव पोरगा बसला.

करार मात्र जागच्या जागी होता. मी आता राखीव. रोज एकला हजर व्हायचं, माइक बंद ठेवून ऐकायचं, दुसऱ्या संघात जायचं नाही, खोली सोडायची नाही. आठ दिवसांत बोटं बरी झाली. जागा काही परत मिळाली नाही. बंद खोलीत बसून मी दुसऱ्याचा खेळ ऐकत होतो.

अशाच एका दुपारी आईचा फोन आला. ताप उतरला होता, आवाज खणखणीत.

"बाबू, तुझी बोटं पाहून मले रात्रभर झोप नाही आली. त्या दिवशी मी उगाच बोलावलं तुले. पुढच्या सालापासून बांध्या ठेक्यानं द्याचं ठरवलं मी. तुझ्या काकालेच देऊन राह्यली. तो आता कागद घेऊन येते अंगठ्याले."

काकाला. ज्याच्याशी ती आयुष्यभर भांडली, त्याला. माझ्या संघातल्या जागेसाठी, जी आता माझी नव्हती. खरं सांगितलं असतं तर तिने कागद परत पाठवला असता. सांगायला तोंड उघडलं, पण मग पुढच्या जुलैत आपल्यासोबत बांधीत कोण वाकणार, असं ती मला विचारेल आणि मला जावं लागेल, हेच मला आधी दिसलं.

"ऐकून राह्यला ना? खेळ चालू आहे ना तुझा?"

"हौ माय," मी म्हणालो, "चालू आहे."